एका चित्राची २०२५ पानं

शिर्डीच्या समाधी मंदिरातलं थेट दर्शन संस्थानच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर रोज दिसतं. कुणी परदेशातल्या घरात बसून ते पाहतं, कुणी एसटीच्या प्रवासात, तर कुणी खुद्द शिर्डीत, खोलीवर टेकून, उद्याच्या रांगेआधी. संगमरवरी मूर्ती, पुढची समाधी, फुलांची आरास, हळूहळू सरकणारी माणसं. सगळं एकसंध दिसतं. मला मात्र या चित्राबद्दल जी गोष्ट थक्क करते ती डोळ्यांना दिसतच नाही. फोनच्या आत हे चित्र सलग असं बहुधा कुठेच नसतं. मेमरीत शेकडो, कधी हजारो ठिकाणी ते विखुरलेलं असतं, आणि तरी एकही ठिपका आपली जागा चुकत नाही.

हिशेब पाटीवर मांडता येईल इतका सोपा आहे. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६००. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता अशा चार गोष्टींसाठी प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात. झाले ८२,९४,४०० बाइट. पण मेमरी कुणालाही सुट्या बाइटांनी मिळत नाही. ती सारख्या मापाच्या तुकड्यांनी वाटली जाते. या तुकड्याला पेज किंवा पान म्हणतात आणि बहुतेक संगणकांत ते ४,०९६ बाइटांचं असतं. आता ८२,९४,४०० ला ४,०९६ ने भागून पाहा. उत्तर येतं २०२५, आणि बाकी शून्य! एक फुल एचडी चित्र म्हणजे बरोबर २०२५ पानं. त्याहून लहान, १२८० बाय ७२० चं चित्र बरोबर ९०० पानांचं. मोठ्या टीव्हीवरचं फोर-के चित्र बरोबर ८,१०० पानांचं.

असं नेहमीच जुळतं असं नाही. १०८० बाय २४०० ठिपक्यांच्या पडद्याचा फोन घ्या. ठिपक्यांच्या ओळी एकमेकींना खेटून ठेवल्या तरी २,५३१ पानं पूर्ण भरतात आणि पुढच्या पानाचा फक्त पाव भाग लागतो. उरलेले ३,०७२ बाइट रिकामे पडून राहतात. ते दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत, कारण पानापेक्षा लहान वाटणीच नाही.

पडदा सहसा सेकंदाला ६० वेळा नवं चित्र मागतो. म्हणजे एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांहून जरासा जास्त वेळ. एक चित्र डोळ्यांसमोर असताना दुसरं काढलं जात असतं, आणि अनेकदा तिसरं वाट पाहत असतं. प्रत्येक वेळी नवी पानं मागायची ठरवली तर सेकंदाला १,२१,५०० पानांचा व्यवहार होईल. हा व्यवहार सांभाळणारा, म्हणजे कुणाला किती पानं द्यायची, कुठली द्यायची, परत कधी घ्यायची हे ठरवणारा प्रोग्रॅम म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. चित्र काढणारी जीपीयू नावाची चिप आणि फोनची मूळ कार्यप्रणाली यांच्यामध्ये तो बसलेला असतो. त्याचं काम बिनचूक झालं की त्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

सलग जागाच का देऊन टाकत नाहीत, हा पहिला रास्त प्रश्न. फोन नुकताच सुरू झाला असेल तर सलग जागा भरपूर असते. पण तासाभरात कॅमेरा उघडून बंद होतो, व्हॉट्सअ‍ॅपवर चाळीस फोटो येतात, नकाशा उघडतो. प्रत्येकजण पानं घेतो, काही परत करतो. दिवस मावळेपर्यंत मोकळी पानं लाखो उरलेली असतात, पण एकाला लागून एक अशी दोन हजार सापडणं कठीण झालेलं असतं.

रामनवमीच्या आदल्या दिवशी शिर्डीतल्या भक्तनिवासाच्या काउंटरवर नेमकी हीच अडचण उभी राहते. मुंबईहून पालखीबरोबर चालत आलेल्या मंडळाला चाळीस खोल्या हव्यात. मोकळ्या चाळीस आहेत, पण एका ओळीत नाहीत. तीन पहिल्या मजल्यावर, सात मागच्या इमारतीत, एक जिन्याशेजारी. काउंटरवरचा माणूस मंडळाच्या यादीतल्या क्रमांकापुढे खऱ्या खोलीचा क्रमांक लिहितो आणि वही बंद करतो. मंडळाच्या लेखी त्यांच्या खोल्या एक ते चाळीस. कुणी कितव्या खोलीत, हे विचारलं की वहीत पाहायचं. संगणकातही अशीच वही असते, तिला पेज टेबल म्हणतात. प्रोग्रॅमला वाटतं आपली २०२५ पानं ओळीने लागली आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक पानाचा पत्ता वेगळा असतो आणि तो वहीत पाहून क्षणात बदलून दिला जातो. वाचताना बदल, लिहिताना बदल, प्रत्येक वेळी बदल.

ही कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला अ‍ॅटलस संगणक १९६२ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यात मेमरीची पानं पहिल्यांदा आली. त्यांचं पान ५१२ शब्दांचं होतं. आत लहानशी वेगवान मेमरी, बाहेर फिरतं चुंबकी ड्रम, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी दिसावी ही त्यामागची इच्छा. विखुरलेल्या गोष्टी माणसाला एक दिसाव्यात, एवढ्यासाठी केलेली ती धडपड होती. आज आपल्या खिशातल्या प्रत्येक फोनमध्ये तीच धडपड चालू आहे.

चित्रं काढणाऱ्या चिपला स्वतःची वही मिळाली ती पुष्कळ उशिरा. १९९७ च्या सुमारास एजीपी नावाच्या खाचेत बसणारी ग्राफिक्स कार्डं आली. त्यांच्यासोबत एक छोटा तक्ता आला, ज्याच्या मदतीने मुख्य मेमरीत पसरलेली पानं कार्डाला सलग दिसू लागली. त्याआधी कार्डावर जेवढी मेमरी सोल्डर करून बसवली असेल तेवढाच प्रामुख्याने त्याचा संसार होता. आता जीपीयूचे तक्ते मुख्य प्रोसेसरच्या तक्त्यांइतकेच अनेक पायऱ्यांचे झाले आहेत, आणि ते भरण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर आहे.

मोकळी पानं शोधण्याची रीत मला फार देखणी वाटते. लिनक्समध्ये (अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे) मोकळी मेमरी दोनाच्या पटीतल्या गठ्ठ्यांत ठेवलेली असते. एक पान, दोन, चार, आठ, असं वाढत १,०२४ पर्यंत. मोठा गठ्ठा हवा तेव्हा मोठाच दिला जातो. लहान हवा असेल आणि नसेल, तर मोठ्याचे दोन समान भाग करतात, गरज पडली तर त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. परत करताना आपला जुळा भाग मोकळा आहे का ते पाहतात, असेल तर दोघांना पुन्हा जोडतात. १९६५ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या केनेथ नोल्टन यांनी ही रीत प्रसिद्ध केली. तिला बडी पद्धत म्हणतात. आता आपली २०२५ पानं या रीतीने मागून पाहा. १,०२४, मग ५१२, २५६, १२८, ६४, ३२, ८ आणि शेवटी १. बेरीज करून पाहा, बरोबर २०२५. म्हणजे मेमरी नीट मोकळी असेल तर सगळं चित्र अवघ्या आठ गठ्ठ्यांत मावतं. मेमरी पार विस्कटलेली असेल तर तेच चित्र २०२५ सुट्या पानांवर जातं. तुमच्या फोनमधलं चित्र या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं. कुठे, ते दिवसभरात फोनवर काय काय झालं यावर ठरतं.

मोठ्या गठ्ठ्यांचा फायदा फक्त नीटनेटकेपणाचा नाही. पत्ता बदलून देताना दर वेळी अख्खी वही उघडणं परवडत नाही, म्हणून अलीकडे पाहिलेले काही पत्ते चिपच्या आतच जवळ ठेवलेले असतात. त्या छोट्या साठ्याला टीएलबी म्हणतात. ५१२ पानं एकत्र मिळाली तर दोन मेगाबाइटचा तो अख्खा पट्टा एकाच नोंदीत बसतो. सुटी असतील तर ५१२ नोंदी. जीपीयूमध्ये एकाच वेळी हजारो धागे, म्हणजे समांतर चालणारी छोटी कामं, सुरू असतात, त्यामुळे नोंदी कमी पडल्या की हजारो धागे एकदम खोळंबतात. म्हणूनच चांगला ड्रायव्हर आधी मोठा गठ्ठा मागून पाहतो, नाही मिळाला तर एकेक पायरी खाली उतरतो, आणि अगदीच निरुपाय झाला तर सुटी पानं गोळा करतो. पान मोठं करणं हाही एक उपाय आहे. २०२४ च्या अँड्रॉइड १५ पासून १६ किलोबाइटच्या पानांचीही सोय झाली आहे. मघाच्या उभ्या फोनचं २,५३२ पानांचं चित्र त्या मापात ६३३ पानांत बसतं. वही लहान होते, पण पान अर्धवट राहिलं तर वाया जाणारी जागा वाढते.

यापुढची गोष्ट या विषयातली सर्वांत गहन आहे असं मला वाटतं.

मुख्य प्रोसेसर काहीही लिहितो तेव्हा ते लगेच मेमरीत पोचतंच असं नाही. आधी ते त्याच्या जवळच्या कॅशे नावाच्या छोट्या मेमरीत राहतं आणि सवडीने मेमरीत उतरतं. प्रोसेसरच्या दृष्टीने यात काहीच बिघडत नाही, कारण तो वाचतानाही आधी कॅशे पाहतो. पण जीपीयू अनेकदा त्या कॅशेमध्ये डोकावत नाही, थेट मेमरीतलं पान उचलतो. मग नव्या चित्रात अधूनमधून जुन्या चित्राचे आडवे पट्टे उमटतात. हा घोटाळा टाळण्यासाठी काही पानांवर खास शिक्का मारला जातो. या पानांवर लिहिलेलं कॅशेत मुरू द्यायचं नाही, थोडं थोडं साठवून झुंडीने थेट मेमरीत पाठवायचं. याला राइट-कम्बाइनिंग म्हणतात. अशा पानांवर लिहिणं वेगाने होतं, वाचणं मात्र अतिशय सावकाश. चित्रासाठी हा सौदा चालतो, कारण प्रोसेसरला चित्र लिहायचं असतं, वाचायचं क्वचितच असतं.

खरी अडचण शिक्का बदलण्यात आहे. साध्या पानाचं खास पान करायचं म्हणजे प्रोसेसरच्या सगळ्या गाभ्यांना सांगावं लागतं की या पानाची तुमच्याजवळची जुनी नोंद विसरा, आणि कॅशेतलं त्या पानाचं सगळं बाहेर काढून टाका. आठ गाभे असतील तर आठांनाही हातातलं काम क्षणभर थांबवावं लागतं. एका पानासाठी हा क्षण क्षुल्लक आहे, पण सेकंदाला लाखभर पानांसाठी तो परवडणार नाही. म्हणून ड्रायव्हर वापरून झालेली खास पानं लगेच मूळ कार्यप्रणालीला परत करत नाही. पुसून, शिक्का तसाच ठेवून, तो ती एका राखीव साठ्यात ठेवतो. पुढच्या वेळी त्याच जातीचं पान लागलं की साठ्यातून देतो. लिनक्समधल्या टीटीएम या व्यवस्थेत असे साठे जातीप्रमाणे आणि गठ्ठ्याच्या मापाप्रमाणे वेगवेगळे असतात. टीटीएम हे टंगस्टन ग्राफिक्स या कंपनीतल्या थॉमस हेलस्ट्रॉम यांचं काम. २००८ मध्ये इंटेलच्या कीथ पॅकार्ड आणि एरिक अ‍ॅनहोल्ट यांनी जेम नावाची दुसरी, साधी व्यवस्था मांडली. वाद झाला, आणि शेवटी दोन्ही टिकल्या. स्वतःची वेगळी मेमरी असलेल्या कार्डांना टीटीएमची शिस्त लागते, मुख्य मेमरीत वाटा मागणाऱ्या चिपांना जेम पुरतं. माझ्या मते दोन्ही ठेवण्याचा तो निर्णय शहाणपणाचा होता.

थेट दर्शनाचं चित्र तर आणखी एका हातातून जातं. शिर्डीहून निघालेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो. फोनच्या चिपमधला वेगळा भाग, डिकोडर, तो उलगडतो. अनेक थेट प्रक्षेपणं एच.२६४ पद्धतीने दाबलेली असतात आणि ती पद्धत चित्राकडे १६ बाय १६ च्या चौकोनांत पाहते. १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून डिकोडर १,०८८ ओळी लिहितो. शेवटच्या आठ ओळी कुणाला कधीच दिसत नाहीत, पण त्यांनाही मेमरी लागते. डिकोडर रंग काटकसरीने लिहितो, एका ठिपक्याला सरासरी दीड बाइट. गुणाकार केला तर एक उलगडलेलं चित्र बरोबर ७६५ पानांत बसतं. समाधी मंदिराच्या चित्रात बराच भाग हलत नाही. मूर्ती स्थिर, भिंत स्थिर, हलतात ती माणसं आणि पुजाऱ्यांचे हात. त्यामुळे नवं चित्र बहुतांशी ‘मागच्यासारखंच’ एवढ्या सूचनेवर चालतं. पण मग मागचं चित्र जपून ठेवावं लागतं. त्याची पानं इतक्यात परत करता येत नाहीत, कारण पुढची दोन-तीन चित्रं त्यांच्यावरच उभी राहणार असतात.

ही ७६५ पानं डिकोडरकडून जीपीयूकडे आणि तिथून पडद्याकडे कशी जातात? पूर्वी अनेकदा नक्कल व्हायची. आता पानं जिथली तिथेच राहतात, फक्त त्यांचा ताबा एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. त्यासाठी लिनक्समध्ये डीएमए-बफ नावाची व्यवस्था २०१२ मध्ये आली. ती लिहिण्यात आणि सांभाळण्यात पुढे असलेलं नाव भारतीय आहे, सुमित सेमवाल. जगभरच्या कोट्यवधी अँड्रॉइड फोनांवर व्हिडिओ नकलेविना डोळ्यांपर्यंत पोचतो त्यात या कामाचा मोठा वाटा आहे, आणि आपल्याकडे ते नाव शाळेतल्या मुलांना माहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

काही जुन्या किंवा स्वस्त चिपांना वहीतून पत्ता शोधता येत नाही. त्यांना खरोखरच सलग जागा लागते. भक्तनिवासाच्या भाषेत, एक अख्खा मजलाच हवा. मजला वर्षभर रिकामा ठेवणं परवडत नाही आणि ऐन वेळी तो मोकळा मिळत नाही. २०१२ मध्येच लिनक्समध्ये यावर तोडगा आला. फोन सुरू होतानाच एक सलग पट्टा बाजूला काढायचा, पण तो रिकामा ठेवायचा नाही. हलवता येतील अशाच पानांना तिथे राहू द्यायचं. कॅमेरा किंवा डिकोडर सलग जागा मागू लागला की आतल्या पानांचा मजकूर दुसरीकडे उचलून न्यायचा, वहीतले पत्ते बदलायचे आणि पट्टा मोकळा करून द्यायचा. पाहुण्याची खोली झोपेत बदलली, सामानासकट, आणि त्याला कळलंही नाही. चालू प्रोग्रॅमच्या पायाखालची जमीन अशी बदलता येते हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होतो.

देण्यापेक्षा परत घेणं अवघड असतं. प्रोग्रॅम म्हणतो, हे चित्र आता नको. ड्रायव्हरने लगेच पानं दुसऱ्याला दिली तर? जीपीयू प्रोसेसरच्या बरोबरीने चालत नाही. त्याला दिलेली कामं रांगेत असतात. प्रोग्रॅमने सोडून दिलेलं पान तो कदाचित आत्ताच वाचत असेल. म्हणून प्रत्येक कामाला एक खूण बांधलेली असते, तिला फेन्स म्हणतात. काम संपलं की खूण उठते. ड्रायव्हर त्या खुणेची वाट पाहतो, मग जीपीयूच्या तक्त्यातून पत्ता पुसतो, मग टीएलबीतली जुनी नोंद विसरायला लावतो, आणि त्यानंतरच पान दुसऱ्याला देण्याजोगं ठरतं. देण्याआधी ते शून्यांनी पुसलेलं असावं लागतं, नाहीतर तुमच्या बँकेच्या अ‍ॅपचा उरलेला मजकूर एखाद्या खेळाच्या हाती लागेल.

हा क्रम एका पायरीने चुकला तरी काय होतं याची उदाहरणं आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आर्म कंपनीने आपल्या माली जीपीयूच्या ड्रायव्हरमधली एक त्रुटी जाहीर केली. परत केलेल्या मेमरीपर्यंत साध्या प्रोग्रॅमलाही पोचता येत होतं, आणि काही निवडक लोकांवरच्या हल्ल्यांत तिचा वापर झाला असावा अशी चिन्हं दिसत होती. माली जीपीयू जगभरच्या असंख्य फोनांत आहेत. पान परत घेण्याच्या क्रमातली अशी एक चूक एवढ्या माणसांच्या खासगी आयुष्याला भोक पाडू शकते. या कामाकडे नुसतं तांत्रिक बारकावे म्हणून पाहता येत नाही ते यासाठीच.

फोनमध्ये जीपीयूची वेगळी मेमरी नसते. सगळ्यांची मेमरी एकच. ती भरत आली की कार्यप्रणाली ड्रायव्हरकडे निरोप पाठवते, काही पानं परत करता येतील का? ड्रायव्हर आधी राखीव साठे रिकामे करतो. मग ज्या चित्रांबद्दल प्रोग्रॅमने ‘गेलं तरी चालेल’ असं आधीच सांगून ठेवलं आहे ती टाकून देतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर मागे पडलेलं एखादं अ‍ॅप बंद केलं जातं. दर्शन पाहता पाहता कॅमेरा उघडून परत आलात आणि दर्शनाचं पान पुन्हा सुरुवातीपासून भरू लागलं, तर बहुधा हाच खेळ झालेला असतो.

आता फोनमधून बाहेर येऊ. पुण्याहून शिर्डीला आळेफाटा आणि संगमनेरमार्गे निघालं की वाटेत नारायणगाव लागतं. तिथून जवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आकाशातून आलेल्या लहरी ऑप्टिकल फायबरने एका जागी येतात आणि प्रत्येक तबकडीची प्रत्येक दुसरीशी तुलना होते. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या. दुर्बिणीचं नूतनीकरण झालं तेव्हा एका वेळी टिपता येणारा लहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढला, आणि या तुलनेचा मोठा भार ग्राफिक्स कार्डांवर आला. खेळांतली चित्रं काढायला जन्मलेली चिप इथे दूरच्या दीर्घिकांचा आवाज गुणते आणि मिळवते. अशा कामात मधेच थांबून मेमरी मागण्याची सोय नसते. आकाश थांबत नाही. म्हणून पानं सुरुवातीलाच घेऊन जागेवर खिळवली जातात, त्यांना कुणी हलवायचं नाही, बाहेर काढायचं नाही, आणि तीच पानं फिरत्या क्रमाने पुन्हा पुन्हा भरली जातात. खिळवलेल्या पानांना पिन केलेली पानं म्हणतात. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र महासंगणकांपैकी एक याच दुर्बिणीसाठी आहे, क्षणभर चमकून विझणारे रेडिओ स्फोट शोधण्यासाठी.

पुण्यातच सी-डॅक या संस्थेत परम सिद्धी-एआय हा महासंगणक आहे. नोव्हेंबर २०२० च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत तो ६३ वा होता. त्यातल्या ए१०० पिढीच्या एका कार्डावर ४० गिगाबाइट मेमरी असते. ४,०९६ बाइटांच्या मापाने मोजली तर एका कार्डाची १,०४,८५,७६० पानं होतात. एवढी लांब वही चाळणं कुणालाच परवडणार नाही. म्हणून अशा कार्डांवर शक्य तिथे दोन मेगाबाइटची पानं वापरतात, तेव्हा आकडा २०,४८० वर येतो.

आणि जुनी कल्पना किती दूर जाते पाहा. आपल्याशी मराठीत बोलणारी यंत्रं संभाषण लक्षात ठेवायला जीपीयूची मेमरी वापरतात. संभाषण किती लांबेल हे आधी कळत नाही, म्हणून प्रत्येकासाठी मोठा सलग पट्टा राखून ठेवला जायचा. २०२३ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी मोजून दाखवलं की त्यांनी तपासलेल्या प्रणालींत या राखीव मेमरीतला जेमतेम २० ते ३८ टक्के भागच खरा कामी येत होता. त्यांचा उपाय काय? संभाषणाची स्मृती लहान पानांत तोडा, पानं वाटेल तिथे ठेवा, पत्त्यांची वही सांभाळा. किलबर्न यांनी १९६२ मध्ये फिरत्या ड्रमसाठी जे केलं, तेच.

शिर्डीच्या आसपास तासाभराच्या वाटेवर तीन मोठी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. कोपरगावचं संजीवनी, लोणीचं प्रवरा, संगमनेरचं अमृतवाहिनी. तिन्ही १९८३ ची. तिथे शिकणाऱ्या, आणि नुसत्याच कुतूहल असणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. या लेखातली टीटीएम, जेम, बडी पद्धत, डीएमए-बफ ही सगळी व्यवस्था लिनक्सच्या खुल्या कोडमध्ये आहे. ती वाचायला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. ड्रायव्हर्स, जीपीयू, डीआरएम, टीटीएम अशी एकात एक फोल्डरं उघडत गेलात की टीटीएम_पूल.सी नावाची फाइल सापडेल. राखीव साठ्यांचा आणि गठ्ठ्यांच्या पायऱ्या उतरण्याचा सगळा कारभार तिच्यात आहे. सी भाषा पहिल्या वर्षाला शिकवतात. तेवढी आली की ही फाइल वाचायला सुरुवात करा. पहिल्या वाचनात अर्धी समजली तरी पुरे आहे.